मोठ्या फाइलचा बॅकअप अर्ध्यातच अडकतो? आधी सांगा, कुठे अडकतो!

नमस्कार राजेहो!

लग्नसराई सरली, आणि माझा फोन वाजायला लागला. 'भाऊ, रात्री कॉपी लावून झोपतो, सकाळी उठून पाहतो तं अटकून राहते!' हा आमचा धरमपेठेतला मित्र, लग्नाचे व्हिडिओ करतो. फाइल एकच, पण २१२ जीबीची. संगणकावरून घरच्याच नेटवर्कवरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर न्यायची. पाच रात्री लावली, पाचही रात्री बोंबलली. तोवर पठ्ठ्यानं तीन सॉफ्टवेअरं बदलून पाहिली होती.

मी एवढंच विचारलं, थांबते कुठे? दर वेळी तेवढ्याच जीबीवर, घड्याळात तेवढेच वाजले की, की मनाला येईल तिथे?

तेवढ्याच जीबीवर थांबत असेल आणि तो आकडा ४ जीबीच्या आसपास असेल, तर नेटवर्कला शिव्या देऊ नका. राउटरच्या मागे खोचलेली डिस्क फॅट-३२ असणार, म्हणजे फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेली. त्यात ४ जीबीची एक अख्खी फाइलसुद्धा मावत नाही, मग डिस्क २ टीबीची का असेना. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा, पण राउटरला ते वाचता येतं का, ते आधी बघा. आणि हो, फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं. हे दर वेळी सांगावं लागतं.

आकडा वेगळा असेल, समजा दर वेळी ८७ जीबी, तर आधी नॅसवर जागा आहे ना ते बघा. असेल, तर तीच फाइल त्याच संगणकातल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. तिथेही ८७ वरच अडली? मग मूळ डिस्कच जायला आलीये. ही फाइल राहू द्या, आधी बाकीचं सगळं बाहेर काढा.

घड्याळाप्रमाणे थांबत असेल, तर संगणक झोपतोय, राउटरला रोज रात्री रीस्टार्ट लावलेला आहे, किंवा त्याच वेळी दुसरा बॅकअप सुरू होतोय. सेटिंग उघडा, बंद करा, विषय संपला.

आता आमच्या मित्राचं. त्याची फाइल कुठेही थांबायची. मी म्हटलं, स्पीड किती दाखवते? म्हणाला, 'अकरा एमबी.'

अकरा ऐकलं आणि मी गाडी काढली.

[केबल कॅमेऱ्याजवळ धरून] हे बघा. या नेटवर्क केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटला, चारही लागतात, तेव्हा सेकंदाला साधारण ११० एमबी (मेगाबाइट) जातात; आठ बिटांचा एक बाइट. एखादी जोडी तुटली की बरेचदा दोन्ही टोकं गुपचूप १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटवर येतात, कारण त्याला दोनच जोड्या पुरतात. स्पीड उरतो अकराच्या आसपास. इंटरनेट चालतं, यूट्यूब चालतं, कोणाला पत्ता लागत नाही. पण २१२ जीबीला अर्ध्या तासाऐवजी साडेपाच तास लागतात.

ही केबल इथे चपटी झालीये, दिसतंय? यावर कूलरचा स्टँड होता. पाण्यानं भरलेल्या कूलरचा!

आता नागपूरचा मे महिना, घरोघरी एसी-कूलर, साडेपाच तासांत लाइट एकदा तरी मिचकावणारच. 'पण माझा संगणक यूपीएसवर आहे, नॅस पण आहे!' बरोबर. मधला नेटवर्कचा स्विच, म्हणजे या केबली जोडायचा डबा, मात्र हॉलमध्ये, टीव्हीच्या बोर्डावरून वीज घेतो. लाइट क्षणभर गेली की स्विच बंद, कॉपी तुटली, आणि सकाळी पुन्हा शून्यापासून.

हे शून्यापासूनचं दुखणंही काढता येतं. विंडोजवाल्यांनी रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपीची कमांड वापरा, स्लॅश झेड (/Z) लावून. तुटली तर तीच कमांड पुन्हा द्या, राहिली तिथून पुढे जाते. स्पीड थोडा कमी मिळतो, चालतं. लिनक्सवाल्यांनो, आरसिंक या कॉपीच्या कमांडला 'पार्शल' (--partial) सांगायला विसरू नका, नाहीतर अर्धी आलेली फाइल तो पुसून टाकतो. वायफायवर एवढी फाइल पाठवणाऱ्यांना माझा फक्त नमस्कार.

कॉपी पूर्ण झाली म्हणून मूळ फाइल लगेच उडवू नका. साइज सारखी असली तरी आतला मजकूर सारखा असेलच असं नाही. दोन्हीकडे एसएचए-२५६ काढा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा. विंडोजमध्ये सर्टयुटिल (certutil) कमांडनं निघतो, नॅसवरचा नॅसवरच काढा, म्हणजे तेवढा डेटा पुन्हा तारेतून यायला नको. एवढ्या फाइलला वेळ लागतो, तोवर तर्री-पोहे खाऊन या. दोन्ही आकडे अक्षरन्‌अक्षर जुळले, तरच मूळ फाइलला हात लावा.

मित्राकडे नवी केबल टाकली, स्विच यूपीएसवर घेतला. ३४ मिनिटांत फाइल पोचली. कूलर मात्र तिथेच आहे. वहिनींनी हलवू दिला नाही. केबल आता भिंतीवरून फिरवलीये.