लॅपटॉपचा धंदा विकला गेला, आता आपल्या वॉरंटीचे काय?

नमस्कार मंडळी. आज मी ठाण्याहून, नौपाड्यातल्या घरातूनच बोलतो आहे, आणि समोरच्या टेबलावर दोन जुने लॅपटॉप ठेवले आहेत. (दोन्ही लॅपटॉप कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी धरतो.) दोन्ही काळे आहेत, दोन्हींच्या की-बोर्डच्या मधोमध तोच लाल ठिपका आहे आणि दोन्हींवर थिंकपॅड हेच नाव आहे. फरक एवढाच की एकाच्या झाकणावर आयबीएम अशी अक्षरे आहेत आणि दुसऱ्याच्या झाकणावर लेनोवो. या दोन झाकणांच्या मधल्या काळात काय घडले आणि ग्राहकांनी त्यावर काय काय म्हटले, हा आजचा विषय आहे.

विषय निघाला तो ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाचीमुळे. तिने दोन महिन्यांपूर्वी नवा लॅपटॉप घेतला, आणि लगेचच तिच्या ऑफिसात अशी कुणकुण सुरू झाली की ती कंपनी लॅपटॉपचा धंदा दुसऱ्या कोणाला तरी विकणार आहे. तिचा फोन आला आणि तिने विचारले, "मामा, माझा लॅपटॉप आता अनाथ झाला का?" कुणकुणच असल्यामुळे त्या कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, परंतु प्रश्न खरा आहे, आणि तो मी वीस वर्षांपूर्वीही ऐकला होता.

डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा संपूर्ण व्यवसाय लेनोवो या चिनी कंपनीला विकत असल्याचे जाहीर केले, तेव्हा मी महापे येथे नोकरीला होतो. ठाणे ते वाशी लोकल नुकतीच, म्हणजे आदल्याच महिन्यात सुरू झालेली होती, आणि त्या आठवड्यात डब्याच्या वेळी गाडीच्या वेळापत्रकाचा विषय मागे पडून फक्त हाच विषय चालला होता. १९८१ साली ज्या कंपनीच्या यंत्रामुळे 'पीसी' हा शब्द जगभर रूढ झाला, तीच कंपनी पीसीतून अंग काढून घेते, ही गोष्ट अनेकांना पटतच नव्हती. कोणी म्हणत होते की आता प्लास्टिक हलके येईल आणि बिजागऱ्या वर्षभरात सैल होतील. कोणी म्हणत होते की माहिती थेट चीनला जाईल. आणि एक ज्येष्ठ सहकारी तर शेवटचा 'खरा' थिंकपॅड मिळावा म्हणून त्याच शनिवारी लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या संगणक बाजारात, जाऊन आले. आमच्या खरेदी विभागातल्या बाई मात्र शांतपणे डबा संपवून एवढेच म्हणाल्या, "एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) बिल पुढच्या वर्षी कोणाच्या नावाने काढायचे, ते सांगा." त्या वेळी आम्ही हसलो होतो. आता मागे वळून पाहताना मला वाटते की त्या टेबलावरचा एकमेव कामाचा प्रश्न तोच होता.

व्यवहार नेमका काय होता, ते आधी पाहू. लेनोवोने रोख आणि समभाग मिळून सव्वा अब्ज डॉलर दिले आणि सुमारे ५० कोटी डॉलरची देणी स्वतःच्या अंगावर घेतली. बदल्यात आयबीएमचे सुमारे १०,००० कर्मचारी, थिंकपॅड हे नाव आणि जपानमधील यामातो येथील ती प्रयोगशाळा, जिथे १९९२ पासून थिंकपॅड घडत आला होता, हे सगळे लेनोवोकडे गेले. आयबीएमकडे नव्या लेनोवोचा जवळपास १९ टक्के हिस्सा राहिला. झाकणावर आयबीएमचे नाव पाच वर्षे वापरण्याची मुभा लेनोवोला मिळाली, आणि दुरुस्ती व देखभालीचे काम आयबीएमच्या सेवा विभागाकडेच राहील असे ठरले. मे २००५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

ही कलमे पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहा. विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही ग्राहक काय म्हणतील याची पुरेपूर कल्पना होती, आणि म्हणूनच ग्राहकाच्या डोळ्यांना दिसणारी पाटी आणि बिघाडाच्या वेळी दारात येणारा माणूस, या दोन्ही गोष्टी जाणूनबुजून तशाच ठेवण्यात आल्या. आयबीएमच्या दृष्टीने पाहिले तर हा धंदा ओझेच झाला होता. सौदा जाहीर होण्यापूर्वीच्या साडेतीन वर्षांत त्यात जवळपास एक अब्ज डॉलरचा तोटा झाला होता. नफा चिप बनवणाऱ्याच्या आणि ऑपरेटिंग सिस्टिम विकणाऱ्याच्या खिशात जात होता, आणि यंत्र जोडून विकणाऱ्याच्या हाती ताकच उरत होते.

ग्राहकांची सर्वांत मोठी भीती अर्थातच चीनची होती, आणि ती केवळ आमच्या डब्याच्या टेबलावर नव्हती. २००६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने लेनोवोचे सुमारे १६,००० संगणक घेतल्याचे बाहेर येताच तेथील संसदेत ओरड झाली, आणि ती यंत्रे गोपनीय कामासाठी वापरणार नाही असे खात्याला जाहीर करावे लागले. सरकार हाही एक ग्राहकच असतो, आणि मोठा ग्राहक घाबरला की त्याची बातमी होते.

पुढे जे घडले त्यातली गंमत मात्र मला सांगितल्यावाचून राहवत नाही. लेनोवोवर ग्राहक खऱ्या अर्थाने भडकले ते २०१५ मध्ये, विक्रीनंतर तब्बल दहा वर्षांनी, आणि त्याचे कारण हेरगिरी नव्हते, जाहिरात होती. कंपनीने घरगुती वापराच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा एक प्रोग्राम आधीच टाकून दिला होता. आपण इंटरनेटवर काही खरेदी करायला गेलो की त्यासारख्या वस्तूंच्या जाहिराती दाखवणे हे त्याचे काम. ते साधण्यासाठी तो स्वतःचे एक सुरक्षा प्रमाणपत्र संगणकात बसवत असे, आणि त्यामुळे बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा सुरक्षित संवादही मध्येच उघडता येईल अशी फट पडत असे. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी बीजिंगची नव्हे, कॅलिफोर्नियाची होती. थिंकपॅड या मालिकेत तो टाकलेला नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. अमेरिकेतील व्यापार आयोगाबरोबर २०१७ मध्ये लेनोवोला या प्रकरणी तडजोड करावी लागली. म्हणजे ग्राहक दहा वर्षे पुढच्या दाराला कडी लावून बसले, आणि चार पैशांच्या जाहिरातीसाठी कंपनीने मागचे दार स्वतःच उघडे टाकले.

दुसरी तक्रार होती दर्जाची, आणि येथे ग्राहकांचे म्हणणे अर्धे खरे ठरले असे मी म्हणेन. विक्रीनंतरची काही वर्षे फारसे काही बिघडले नाही, कारण यामातोचे अभियंते तेच होते. (जुना लॅपटॉप उघडून की-बोर्ड दाखवतो.) हा सात ओळींचा की-बोर्ड पाहा. तो २०११ च्या मॉडेलपर्यंत टिकला, आणि २०१२ मध्ये त्याच्या जागी सहा ओळींचा, सुट्या सुट्या चपट्या बटनांचा की-बोर्ड आला. ज्यांचे पोट टंकनावर चालते त्यांच्यासाठी हा खरा आघात होता. आमच्या स्टेशनजवळचे दुरुस्तीवाले काका आजही सांगतात की त्या सालचे ग्राहक नवा लॅपटॉप घेऊन यायचे आणि विचारायचे, "यात जुना की-बोर्ड बसवून देता का?" अर्थात तेव्हा इतर कंपन्यांनीही तसेच की-बोर्ड आणले होते, आणि धंदा आयबीएमकडे राहिला असता तर तिनेही तेच केले असते का, याचे उत्तर कोणाकडेच नाही. पण ग्राहकांनी आपला हेका सोडला नाही. लेनोवोने त्यांची सविस्तर मते मागवली, आणि थिंकपॅडला २५ वर्षे झाली तेव्हा, २०१७ मध्ये, सात ओळींच्या की-बोर्डची एक मर्यादित आवृत्ती बाजारात आणली. नाराजीतून एखादी वस्तू परत आल्याचे उदाहरण या धंद्यात विरळाच.

इतर विक्र्यांची कथा थोडक्यात सांगतो. सोनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये वायो हा व्यवसाय जपानमधील एका गुंतवणूक संस्थेला देत असल्याचे जाहीर केले. नवी वायो कंपनी सुमारे २४० माणसांनिशी सुरू झाली आणि तिने आधी फक्त जपानपुरतेच पाहिले. जुन्या यंत्रांची सेवा सोनीने चालू ठेवली. पण आपल्याकडच्या वायोप्रेमी माणसाला पुढचे यंत्र घेण्याचा मार्गच उरला नाही, आणि ते नाव भारतात परतायला २०२१ उजाडले. तोशिबाने २०१८ मध्ये आपल्या संगणक व्यवसायाचा ८०.१ टक्के हिस्सा शार्पला सुमारे चार अब्ज येनमध्ये, म्हणजे साधारण ३.६ कोटी डॉलरमध्ये विकला. १९८५ पासून लॅपटॉप विकणाऱ्या कंपनीची ही किंमत ऐकून मला तरी वाईट वाटले, ग्राहकांनी मात्र फारशी दखलही घेतली नाही. ऑगस्ट २०११ मध्ये एचपीने पीसीचा व्यवसाय वेगळा काढण्याचा विचार असल्याचे सांगितले, त्याच दिवशी आपला टचपॅड हा टॅबलेट बंद केला, आणि दोन-अडीच महिन्यांत, प्रमुख बदलल्यावर, पीसीचा व्यवसाय आपल्याकडेच ठेवत असल्याचे कळवले. या गोंधळात टचपॅडची किंमत ९९ डॉलरवर आणली गेली, आणि महिनाभर कोणी हात न लावलेल्या त्या यंत्रावर लोक अक्षरशः तुटून पडले. बंद पडलेल्या, पुढे कोणी वाली नसलेल्या वस्तूसाठी रांगा! ग्राहक म्हणून आपण किती सुसंगत वागतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी आपल्याच गल्लीतले उदाहरण घेतो. नौपाड्यात सध्या दर चौथी इमारत पुनर्विकासात आहे. काम अर्धवट असताना बिल्डर बदलला, तर सोसायटीच्या सभेत कोणी नव्या बिल्डरच्या पाटीच्या रंगाबद्दल बोलत नाही. पहिला प्रश्न असतो, आमचे दरमहाचे भाडे उद्यापासून कोण देणार आणि जुना करारनामा त्याला बांधील आहे का. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हीच माणसे झाकणावरच्या नावाचे सुतक पाळत बसतात आणि कागद पाहायचे विसरतात.

कागद कोणता पाहायचा? लॅपटॉपच्या खोक्यावर एक लेबल असते. आपल्याकडच्या वजनमापाच्या नियमांनुसार, पॅकबंद वस्तूवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणे बंधनकारक आहे. वॉरंटी कार्डावर वचन देणाऱ्या कंपनीचे नाव असते; बहुतेक वेळा ती मूळ परदेशी कंपनी नसून तिची भारतातली कंपनी असते. धंदा विकला जातो तेव्हा ही भारतातली कंपनी नव्या मालकाकडे जाते की मागे राहते, हे दोन्ही कंपन्यांच्या अधिकृत निवेदनात शोधावे, आणि ते स्पष्ट नसेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करण्याऐवजी ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. मी स्वतः एकदा फोनवरच्या तोंडी शब्दावर विसंबलो होतो. वाशीतल्या एका सर्व्हिस सेंटरने "पार्ट मागवला आहे" असे तीन महिने सांगितले, आणि चौथ्या महिन्यात त्या सेंटरच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचे दुकान उघडले होते.

वॉरंटी चालू असताना कोणीच जबाबदारी घेत नसेल, तर प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते; कंपनी बेंगळुरूची असो वा दिल्लीची. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. नवी मुंबईकरांसाठी एक बारकावा: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये.

हे सगळे मी भाचीला फोनवर सांगितले आणि खोक्यावरचे लेबल वाचून दाखवायला सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. खोका गेल्या रविवारी रद्दीवाल्याला गेला होता. बिल मात्र तिच्या ईमेलमध्ये सापडले, आणि त्यावरचे आयातदाराचे नाव आम्ही दोघांनी मिळून वहीत लिहून ठेवले आहे.