कडेवरचा केसभर फरक

(दृश्य: मंद उजेडात गोल खड्डा, त्यावर आडवा पूल. एक छोटं वाफेचं इंजिन सावकाश पुलावर येऊन थांबतं.)

वाफेचं इंजिन उलटं धावू शकतं, पण मागे टेंडर, म्हणजे कोळशाचा जोडडबा, असला की चालकाला पुढची वाट धड दिसत नाही. म्हणून फेरी संपली की त्याचं तोंड फिरवावं लागायचं. त्यासाठी टर्नटेबल: गोल खड्डा, मधोमध खुंट, खुंटावर तोललेला पूल. इंजिन बरोबर मध्यावर उभं केलं, तर शंभर टनांचं धूड दोन-चार माणसं ढकलून फिरवत. मला या यंत्राचं वेड लागलं ते या तोलामुळेच.

हे त्याचं १:८७ मापातलं रूप. ९० फुटांचा पूल इथे ३१५ मिलिमीटरचा, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर.

आणलं तेव्हा ते हाताने फिरायचं. दर १५ अंशांवर खटका, एका फेरीत २४ थांबे. प्रत्येक खटक्याला पुलावरचं इंजिन थरथरायचं. शिवाय माझ्या इंजिन-शेडचे रूळ दर १० अंशांवर. खटके काढल्याशिवाय मार्गच नव्हता.

(दृश्य: उलटा ठेवलेला खड्डा. खाली मोटर, दातेरी पट्टा.)

खटक्यांच्या जागी स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर, आली. तिच्या एका फेरीत २०० टप्पे, म्हणजे एक टप्पा १.८ अंशांचा. ऐकायला बारीक वाटतं. पण खुंटापाशी जे नगण्य, ते पुलाच्या टोकाला जवळजवळ ५ मिलिमीटर होतं! रुळाचा माथाच जेमतेम मिलिमीटरभर रुंद. टप्प्याचे १६ भाग केले, तरी टोकाला ०.३ मिलिमीटर उरतात, आणि असे भाग नेहमी सारखे पडतातच असं नाही. म्हणून मध्ये पट्टा घातला: मोटरच्या चार फेऱ्या, पुलाची एक. आता एक भाग ०.०८ मिलिमीटरचा.

पट्टा आला की थोडी ढील आलीच. डावीकडून आलेला पूल एका जागी थांबतो, उजवीकडून आलेला किंचित दुसरीकडे. उपाय साधा आहे. पूल कुठूनही येवो, शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने. गरज पडली तर तो थोडा पुढे जातो आणि मागे येऊन पुन्हा त्याच बाजूने जागेवर बसतो. मोजणी सुरू होते पुलाखालच्या चुंबकापासून. खड्ड्याच्या भिंतीतला हॉल सेन्सर तो ओळखतो.

राहिली वीज. हे छोटं इंजिन ती रुळांतूनच घेतं: एक रूळ धन, दुसरा ऋण. पूल अर्धा फिरला की त्याचे रूळ अदलाबदल होतात. धन ऋणाला भिडतं आणि शॉर्ट होतो. म्हणून पुलाला वीज पोचवणारी खुंटाभोवतीची तांब्याची कडी दोन अर्धुकांत कापली. अर्ध्या फेरीत कडीवर घासत वीज नेणारे ब्रश एका अर्धुकावरून दुसऱ्यावर जातात आणि जोडणी आपोआप उलटते. काप मात्र अशा कोनात ठेवायचे, जिथे बाहेर एकही रूळ नाही.

(दृश्य: सांध्यावरून फिरणारं बोट, अगदी जवळून.)

सांधा तपासायला नखासारखं साधन नाही. रुळाच्या आतल्या कडेने नख ओढायचं. कुठे अडलं नाही, तर चाकही अडणार नाही.

(दृश्य: पूल फिरतो, थांबतो. इंजिन शेडकडे निघतं.)

सातव्या रुळावर नख अजून अडतं. आज तिथे चार भाग वाढवून बघतोय.