पाळणाघर बघायला जाताय? मग आधी हे बघा

नमस्कार श्रोतेहो. आज पाळणाघराबद्दल बोलायचंय, डे केअर म्हणा, क्रेश म्हणा, जिथे आपण आपलं मूल दिवसभर दुसऱ्या कुणाच्या भरवशावर ठेवतो ती जागा. आपण बघायला जातो तेव्हा भिंतीवरची चित्रं बघतो, खेळणी बघतो, कॅमेरे आहेत का विचारतो. बघा की, पण मला मनापासून वाटतं की त्याआधी तीन कामं चालू असताना बघायला मिळाली पाहिजेत, डायपर बदलणं, मुलांना झोपवणं आणि खाऊ घालणं. दिवसातून कितीतरी वेळा होणारी ही कामं, आणि धोकाही तिथेच असतो कारण हात सवयीने चालत असतात.

डायपर बदलायची जागा स्वयंपाकापासून लांब हवी. बदलून झालं की ताईंनी स्वतःचे हात धुवायचे आणि बाळाचेही धुवायचे, हे दुसरं बऱ्याच ठिकाणी राहून जातं. साबण लावून निदान 20 सेकंद चोळायचे. सॅनिटायझर लावला म्हणजे झालं असं नाही, हाताला घाण लागलेली असेल तर तो नीट काम करत नाही आणि नोरोव्हायरस, म्हणजे जो उलट्या-जुलाबाची साथ आणतो, त्याच्यावर तर साबण-पाणीच बरं. डायपर बदलायचं टेबलसुद्धा आधी साबणाने धुवायचं, मग जंतुनाशक लावायचं आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं ते ओलं राहू द्यायचं, फवारलं की लगेच पुसलं तर उपयोग काय?

आता झोप, यावर जरा जास्त बोलते. एक वर्षापर्यंत बाळाला झोपवायचं ते पाठीवरच, रात्री असो की दुपारची छोटी झोप असो. गादी सपाट आणि घट्ट, प्रत्येकाचा पाळणा वेगळा, आत उशी नाही, सैल पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत. अमेरिकेत 1994 साली बाळांना पाठीवर झोपवा म्हणून मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, आणि यात मोठा वाटा कसं झोपवायचं ते बदलल्याचा! आणि पालकांनो, हे नीट ऐका, जे बाळ घरी कायम पाठीवर झोपतं त्याला पाळणाघरात कुणी पहिल्यांदाच पालथं झोपवलं तर त्याला धोका आणखी जास्त असतो, कारण त्याला त्याची सवयच नसते. म्हणून पहिल्याच दिवशी ताईंना स्पष्ट सांगा, ‘आमचं बाळ पाठीवरच झोपवा,’ भीड बाळगू नका. बाळ स्वतःहून पाठीवरून पोटावर आणि पोटावरून पाठीवर वळायला लागलं की झोपेत वळलं तर तसं राहू द्यायला हरकत नाही, पण ठेवताना पाठीवरच. कार सीटमध्ये झोपलेलं बाळ आलं तर उचलून सपाट पाळण्यात ठेवायचं, ‘आत्ताच झोपलंय, राहू दे’ असं करायचं नाही.

खाण्याचं म्हणाल तर काय देतात यावर सगळे बोलतात, मी कसं देतात ते सांगते. लहान मुलांची श्वासनलिका फार अरुंद असते. द्राक्षं अख्खी द्यायची नाहीत, उभी चिरून चार तुकडे करायचे. अख्खे दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या चार वर्षांखाली नकोच. आणि घास पूर्ण अडकला की मूल ओरडत नाही, खोकतही नाही, आवाजच येत नाही, म्हणून मुलं खाताना मोठ्या माणसाने शेजारी बसायलाच हवं, ओट्याकडे तोंड करून भांडी घासताना लक्ष ठेवता येत नाही. एक वर्षाखालच्या बाळाचा घास अडकला तर पाठीवर 5 थापा आणि मग छातीवर 5 दाब, हे शिकलेलं निदान एक माणूस मुलं असतील तेवढा सगळा वेळ हजर हवं, ते माणूस सुट्टीवर असेल तर दुसरं कोण, हेही विचारा.

मध एक वर्षाच्या आत थेंबभरही नको, बोट्युलिझम, म्हणजे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा आजार, त्याच्या जंतूंचे बीजाणू त्यात असू शकतात आणि घरच्या शिजवण्याने ते मरत नाहीत. बाटलीतलं दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, बाटली कोमट लागते आणि आत कुठेतरी तोंड भाजेल इतकं गरम असतं. आणि ताट संपवलंच पाहिजे अशी जबरदस्ती नको हो. काय आणि कधी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलावर सोडावं. नवीन भाजी एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नसतं, दहा वेळाही ताटात ठेवावी लागते.

ॲलर्जीची यादी ऑफिसच्या फायलीत नको, जिथे ताट वाढलं जातं तिथे हवी. औषध द्यायचं असेल तर मूळ बाटलीतच न्या, मुलाचं नाव, डोस आणि वेळ लिहून द्या, आणि सकाळी घरी एक डोस दिला असेल तर किती वाजता दिला ते सोडतानाच सांगा, म्हणजे तोच डोस परत दिला जाणार नाही.