समुद्रशैवाल: कोणतं आणि किती?

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्रशैवाल खावं का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कोणतं? लाल, तपकिरी, हिरवी अशी निरनिराळी कुळं या एकाच नावाखाली येतात, आणि एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवले की घोटाळा होतो.

आयोडीनचंच पाहा. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा यांना शैवालाच्या राखेतून जांभळी वाफ उठताना दिसली. ते आयोडीन होतं. समुद्राच्या पाण्यात ते अगदी थोडं असतं, पण शैवाल ते शोषून साठवतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. सुशीभोवती गुंडाळतात त्या लाल कुळातल्या नोरीच्या एका ग्रॅममध्ये ते साधारण शंभर मायक्रोग्रॅमच्या आतच असतं. तपकिरी कुळातल्या कोंबू नावाच्या शैवालाच्या एका ग्रॅममध्ये मात्र २००० मायक्रोग्रॅमच्याही वर जाऊ शकतं. म्हणजे चिमूटभर तुकड्यात तेरा-चौदा दिवसांची गरज! आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो हे आपण जाणतो, पण रोज अती झालं तरीही तो होऊ शकतो. थायरॉइड मंदावते, काहींची उलट जोरात चालू लागते. कोंबू उकळला की बरंचसं आयोडीन पाण्यात उतरतं. तेच पाणी सूप म्हणून प्यायलो, तर ते पोटात गेलंच.

हिजिकी नावाचं काळ्या काड्यांसारखं शैवाल मी तरी खाणार नाही. त्यात अजैविक आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचं विषारी रूप, फार असतं, आणि ते भिजवून पूर्ण जात नाही. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २००४ मध्येच ते खाऊ नका असं सांगितलं.

नोरीत प्रथिनं भरपूर, हे खरं आहे. वाळलेल्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. पण एक पान जेमतेम तीन ग्रॅमचं, तेव्हा हाती येतं एखादा ग्रॅम प्रथिन. तंतू मात्र चांगले मिळतात. शाकाहारी मंडळींनी बी-१२ साठी शैवालावर विसंबू नये. पुष्कळ शैवालांत त्याच्यासारखं दिसणारं, पण शरीराला निरुपयोगी असं द्रव्य असतं.

थायरॉइडचा त्रास असेल, गर्भारपण असेल किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. शैवालातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या आड येतं. आणि पाकिटावर नुसतं ‘समुद्रशैवाल’ लिहिलेलं असेल, जातीचं नाव नसेल, तर ते पाकीट परत ठेवा.