दिल्लीला चाललाय? मग दोन-चारच जागा धरा

नमस्कार मंडळी. परवा मंडईत शेजारच्या काकी भेटल्या, म्हणाल्या लेकाकडं दिल्लीला निघालोय आठ दिवस, काय काय बघू सांग, आणि मी तिथंच भाजीची पिशवी खाली ठेवून अर्धा तास बोलत उभी राहिले. घरी आल्यावर वाटलं की हे सगळं तुम्हालाही सांगायला पाहिजे, कारण कोल्हापुरातनं दिल्लीला जाणारं माणूस जवळपास प्रत्येक गल्लीत एक तरी असतंय, कुणाचं पोरगं यूपीएससीला बसलंय, कुणी फौजेत आहे, कुणाला नुसतंच एकदा बघून यायचंय.

मी पहिल्यांदा गेले ती एका टूरबरोबर. एका दिवसात अकरा ठिकाणं. कुतुबमिनारला वीस मिनिटं मिळाली आणि मध्येच बस एका शालीच्या दुकानासमोर थांबवली ती दीड तास, कुणी काही घेतलं नाही तरी हलवेनात. माझी आई त्या दिवशी बसमधनं उतरताना म्हणाली, "मी दिल्ली बघितली का नुसती चढले-उतरले?" ते वाक्य मला लागलं. म्हणून दुसऱ्यांदा आम्ही आपलं आपण गेलो, मी, आई आणि आत्ती, फेब्रुवारीत, आणि ठरवूनच टाकलं की दिवसाला दोनच ठिकाणं. आज जे सांगणार आहे ते सगळं त्या दुसऱ्या खेपेचं.

आधी जायचं कधी ते. मे-जूनमध्ये अजिबात नको, पारा ४५च्या घरात जातो. दिवाळीपासून पुढं हवा इतकी खराब होते की दम्याच्या माणसानं तर जाऊच नये, आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या तासन् तास लेट. फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचे दिवस सोन्यासारखे. आपली कोल्हापूर-निजामुद्दीन एक्सप्रेस आठवड्यातनं एकदाच सुटते, त्यामुळं तिकिटं लवकर काढा आणि त्या गाडीच्या वारावरच सगळा बेत बसवा. आणि सोमवार, हे लिहूनच ठेवा, सोमवारी लाल किल्ला बंद, नॅशनल म्युझियम बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेम्पल बंद. सोमवारी बाजार आणि गुरुद्वारा करा.

फिरायला मेट्रो. २००२ साली सुरू झाली, ज्या ई. श्रीधरन यांनी कोकण रेल्वे केली त्यांनीच ही उभी केली, आणि एवढ्या मोठ्या शहरात गावाकडच्या माणसाला कुणाचा हात न धरता फिरता येतं ते हिच्यामुळंच. लाइनींना रंग आहेत, पिवळी, निळी, जांभळी, रंग लक्षात ठेवला की झालं. गाडीच्या दिशेनं पहिला डबा बायकांचा, प्लॅटफॉर्मवर गुलाबी पाटी असते, आई-आत्तीला घेऊन मी कायम त्यातच चढायचे. फक्त संध्याकाळी सहाच्या सुमाराला राजीव चौकात गाडी बदलायची वेळ येऊ देऊ नका. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला भवानी मंडपातली गर्दी बघितलेली माणसं आपण, गर्दीला भीत नाही, पण तिथली गर्दी पळत असते आणि म्हाताऱ्या माणसाला पळत्या गर्दीचा त्रास होतो.

आता चांदणी चौक. लोक दुपारी जातात आणि घाम पुसत परत येतात. तुम्ही सकाळी सातला जा, खरंच सांगते. दुकानं अजून बंद असतात, म्हणून वरच्या जुन्या हवेल्यांचे सज्जे, नक्षीच्या कमानी, वायरींच्या जाळ्यातनं का होईना पण दिसतात. हा बाजार शहाजहानची लेक जहाँआरा हिनं आखला, मधनं पाण्याचा कालवा होता, त्यात चांदणं पडायचं म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आता सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे मुख्य रस्त्यावर, सायकल रिक्षा किंवा पायी. आपल्या महाद्वार रोडला असं कधी होईल, हे माझ्या मनात तिथं सारखं येत होतं.

लाल किल्ल्याच्या बरोबर समोर दिगंबर जैनांचं लाल मंदिर आहे आणि त्याच आवारात पक्ष्यांचं हॉस्पिटल. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या जैन मंडळींनी तर नक्की जावं. चपला काढून वर चढायचं. लहान लहान पिंजरे, त्यात कबुतरं, पोपट. आम्ही उभे असताना एक शाळकरी पोरगा टॉवेलात गुंडाळून कबुतर घेऊन आला, पतंगाच्या मांजानं पंख कापलेला, तिथल्या माणसानं एक शब्द न बोलता ते हातात घेतलं, पंख अलगद पसरला, हळद लावतात तसं काहीतरी पिवळं औषध लावलं, पट्टी बांधली, आणि वहीत नोंद केली. पैसे घेतले नाहीत. आई तिथनं हलायलाच तयार नव्हती. शेजारच्या गौरीशंकर मंदिराबद्दल असं सांगतात की ते शिंद्यांच्या फौजेतल्या एका मराठी सरदारानं, आपा गंगाधरनं बांधलं. चार पावलं पुढं सीसगंज गुरुद्वारा, १६७५ साली गुरू तेगबहादुरांनी जिथं बलिदान दिलं ती जागा. एका रस्त्यावर एवढं सगळं आहे.

खाण्याचं सांगायचं तर सकाळी बेडमी पुरी आणि बटाट्याची रस्साभाजी, थंडी असली तर दौलत की चाट, म्हणजे दुधाचा नुसता फेस असतो केशर घातलेला, तोंडात घातला की नाही होतो, आणि तो फक्त हिवाळ्यातच मिळतो. मटण खाणाऱ्यांनी जामा मशिदीच्या समोरच्या मटिया महल गल्लीत जावं, पण आपल्या तांबड्या-पांढऱ्याशी तुलना करत बसू नका, ती चव वेगळ्याच जातीची आहे, तिला तिच्या जागी खाऊन बघा.

तिथनं चालत खारी बावली. मसाल्यांचा घाऊक बाजार. शिरतानाच खोकला सुरू होतो, हमाल पोती डोक्यावर घेऊन ओरडत पळत असतात आणि हवेत मिरचीचं तिखट तरंगत असतं. आत्ती दर उन्हाळ्यात घरी कांदा-लसूण चटणी करते, बाकी दिल्लीत ती गप्प होती पण इथं आल्यावर तिचं तोंड उघडलं. एका पोत्यातली मिरची उचलली, देठ मोडला, दोन बोटांत चुरगाळली, नाकाला लावली आणि म्हणाली, "रंग हाय बघ, पण संकेश्वरीचा वास न्हाई." दुकानदाराला मराठी कळत नव्हतं पण बोलणं कळलं, त्यानं आतनं दुसऱ्या दोन जाती आणून तिच्या हातावर ठेवल्या, आणि मग अर्धा तास ती मराठीत आणि तो हिंदीत, मिरचीवर चर्चा. शेवटी अर्धा किलो घेतलीच.

लाल किल्ल्यात शिरलात तर दिवाण-ए-खासचं छत मान वर करून बघा. ते एकेकाळी चांदीच्या पत्र्यानं मढवलेलं होतं, १७६० साली सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी ती चांदी काढून वितळवली, फौज उपाशी, मोहीम लांबलेली, आणि पुढच्या जानेवारीत पानिपत. शाळेत आपण पानिपत वाचतो पण पैशाची ती तंगी त्या छताखाली उभं राहिल्यावर अंगावर येते. पानिपत तिथनं साधारण ९० किलोमीटर, एक दिवस हाताशी असला तर तेही करा.

कुतुबमिनारबद्दल जास्त बोलत नाही, तो सुंदर आहे, ७२ मीटरच्या वर उंच आहे, १९८१च्या चेंगराचेंगरीनंतर वर चढायला बंदी आहे. पण त्याच्या अंगणात जो लोखंडी खांब उभा आहे ना, तो मात्र शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या, उद्यमनगरच्या प्रत्येक फौंड्रीवाल्यानं आणि लोहारानं बघायलाच पाहिजे. सात मीटरच्या वर उंची, वजन सहा टनांपेक्षा जास्त, वय सोळाशे वर्षं, चंद्र नावाच्या राजाचा लेख त्यावर कोरलाय, हा राजा म्हणजे गुप्त घराण्यातला दुसरा चंद्रगुप्त असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि हा खांब ओतीव नाही, घडीव आहे, म्हणजे तापवलेल्या लोखंडाचे गोळे एकमेकांवर ठोकून ठोकून सांधत नेलेत. गंज का चढत नाही तर त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळं वरच्या बाजूला एक पातळ पापुद्रा तयार झाला आणि तोच पुढचा गंज अडवून धरतो. माझे मामा आयुष्यभर फौंड्रीत मोल्डर होते, ते आत्ता पाहिजे होते असं मला तिथं फार वाटलं, कारण बाकी सगळे मिनारचे फोटो काढत होते आणि खांबापुढं दोन मिनिटं कुणी थांबत नव्हतं.

अजून एक जागा, टूरवाले जिथं सहसा नेत नाहीत. २६, अलीपूर रोड. पिवळ्या लाइनवर सिव्हिल लाइन्स स्टेशन. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं जिथं निधन झालं ती जागा, आता तिथं उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे, संविधानाचं पुस्तक. १९२० साली माणगावच्या परिषदेत आपल्या शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडं बोट दाखवून सांगितलं की हे तुमचे पुढारी, ते माणगाव आपल्या हातकणंगले तालुक्यातलं. माणगावपासून अलीपूर रोडपर्यंतचा तो रस्ता कोल्हापूरच्या माणसाच्या लक्षात राहायला पाहिजे, पोरांना तर नक्की न्या.

बंगलासाहिब गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून जा, लंगरला पंगतीत बसा, आणि नुसतं जेवून येऊ नका, आत रोट्या लाटायला कुणालाही बसू देतात. आई आणि आत्ती तासभर लाटत बसल्या, शेजारी लुधियानाच्या बायका, एकमेकींची भाषा धड येत नाही, पण पिठाचा गोळा केवढा घ्यायचा हे सगळ्यांना सारखंच कळत होतं.

आणि इंडिया गेट. तिथं सगळे फोटो काढून आइस्क्रीम खाऊन परततात. त्याच्या मागंच २०१९ साली झालेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, एकात एक चार वर्तुळं, आणि त्यातल्या त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटा, एका विटेवर एक नाव, स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची. आत्तीचं सासर सैनिक टाकळीकडचं, ज्या गावात घराघरात फौजी. तिचा धाकटा दीर १९७१ ला गेला. घरात त्याचा एक फोटो आहे, हार घातलेला, बाकी काही नाही. आम्ही ड्युटीवरच्या जवानाला नाव आणि रेजिमेंट सांगितली, त्यानं शोधायला मदत केली, कुठली भिंत, कितवी ओळ. वीट बरीच वर होती. आत्तीचा हात पोचेना. मग त्या जवानानं तिला विचारून स्वतःचा हात वर नेला आणि एकेका अक्षरावरनं बोट फिरवत मोठ्यानं नाव वाचलं, आत्तीला वाचता येत नाही, म्हणून. दोनदा वाचलं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघत उभी राहिली.

त्या संध्याकाळी अजून जंतरमंतर आणि कॅनॉट प्लेस करायचं ठरलेलं. राहिलं ते. आम्ही तिथंच पायरीवर दिवे लागेपर्यंत बसलो, आत्तीनं पिशवीतनं घरनं आणलेले शेंगदाण्याचे लाडू काढले आणि पहिला त्या जवानाला द्यायला गेली.