पुन्हा घसा धरलाय : कोणती तपासणी, कधी?

(दृश्य : टॉर्चच्या उजेडात मुलाचा उघडा घसा.)

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दिसताहेत ते टॉन्सिल. चार ते आठ वर्षांच्या मुलांत ते मोठे असतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उजवीकडच्या टॉन्सिलवर मात्र पांढरे ठिपके आहेत. ते दिसले की बहुतेक घरांत, आणि बऱ्याच दवाखान्यांतही, ‘इन्फेक्शन आहे’ म्हणत अँटिबायोटिक सुरू होतं. पण असेच ठिपके ॲडिनोव्हायरसने येतात, एपस्टीन-बार विषाणूनेही येतात. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही.

घसा दुखणाऱ्या दहा मुलांपैकी साधारण दोघा-तिघांत दोषी असतो तो ‘गट अ’चा स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू. उरलेल्यांत बहुतेकदा विषाणू. बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी, खोकला, घसा होणं हे नेहमीचंच. एकेक दुखणं आठवडा-दहा दिवस रेंगाळतं, एक निवळेपर्यंत दुसरं येतं आणि अख्खा पावसाळा पोर आजारीच आहे असं वाटतं.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर, पेनने केलेल्या नोंदी.)

म्हणून रक्ताच्या तपासणीआधी ही तपासणी. जिथे दुधाचे खाडे मांडता, तिथेच घशाचीही नोंद करा. थर्मामीटरने मोजलेला ताप किती, खोकला किंवा नाक गळणं होतं का, जबड्याच्या कोनाखाली दुखऱ्या गाठी होत्या का, टॉन्सिलवर ठिपके होते का, कोणतं औषध किती दिवस दिलं. ‘सारखाच आजारी असतो’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. तारखांवरून ठरवता येतं.

स्ट्रेप घसा बहुतेक पाच ते पंधरा वर्षांच्या वयात होतो. सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी तापाने फणफणतं. गिळताना दुखतं, डोकं दुखतं, पोट दुखतं, उलटीही होते. खोकला आणि सर्दी मात्र नसते. उलट नाक वाहतंय, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तर तो विषाणू समजावा आणि स्वॅबच्या भानगडीत पडू नये. तीन वर्षांखालच्या मुलांत स्ट्रेप क्वचितच आढळतो.

(दृश्य : स्वॅब घेताना, अगदी जवळून.)

जीभ दाबून कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर घासायची. मुलाला उबळ येते, पण काम काही सेकंदांचं. काडी नुसती जिभेला किंवा गालाला लागून आली, तर नमुना वाया. अँटिबायोटिकचे डोस पोटात गेल्यावर घेतलेल्या स्वॅबवरही विसंबता येत नाही, म्हणून स्वॅब आधी, औषध नंतर. रॅपिड अँटिजेन चाचणीचं उत्तर दहा-पंधरा मिनिटांत मिळतं. ती निगेटिव्ह आली आणि लक्षणं स्ट्रेपचीच असली तर कल्चर, म्हणजे नमुन्यातला जिवाणू लॅबमध्ये वाढवून पाहणं. त्याला एक-दोन दिवस लागतात. एवढं थांबलं तर बिघडत नाही, कारण दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध चालू झालं तरी संधिवाताच्या तापापासून, म्हणजे हृदयाच्या झडपांच्या नुकसानापासून, संरक्षण मिळतं.

आता आपल्याकडे सर्वाधिक गैरसमज ज्या रिपोर्टवरून होतात, तो एएसओ. ही रक्ततपासणी आजचा घसा कशामुळे दुखतोय हे सांगत नाही. स्ट्रेप कधीतरी होऊन गेला, एवढंच ती सांगते, आणि तिचा आकडा संसर्गानंतर तीन ते पाच आठवड्यांनी शिखर गाठतो. लॅबच्या कागदावर मर्यादा 200 छापलेली असली, तरी शाळकरी मुलांत त्याहून जास्त आकडा सर्रास आढळतो. केवळ त्या आकड्यासाठी पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू करू नयेत. संधिवाताच्या तापाचं निदान पक्कं झालेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचं दर तीन किंवा चार आठवड्यांचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदाही चुकवायचं नाही.

(दृश्य : ड्राय सिरपची बाटली, खुणेपर्यंत पाणी, मापाचं झाकण.)

खरोखर स्ट्रेप आहे आणि तोच पुन्हा पुन्हा येतोय, तर आधी बाटली तपासा. अमॉक्सिसिलिनचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 50 मिलिग्रॅम, कमाल 1000, आणि तो दहा दिवस. सोळा किलोच्या मुलाला दिवसाला 800 मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असलेलं सिरप घेतलं, तर रोज 16 मिलिलिटर. म्हणजे 30 मिलिलिटरची बाटली दुसऱ्या दिवशीच संपते! ती संपेपर्यंत ताप उतरलेला असतो, आणि ‘कोर्स झाला’ म्हणून औषध थांबतं. किती बाटल्या लागतील ते दुकानातच विचारून घ्यावं. पाणी घातलेलं औषध किती दिवस चालतं हे लेबलवर असतं, बहुधा सात दिवस, त्यामुळे सगळ्या बाटल्या पहिल्याच दिवशी कालवू नयेत.

औषध पूर्ण होऊनही स्वॅब पॉझिटिव्हच, आणि दर वेळी सोबत सर्दी-खोकला? मग ते मूल वाहक असू शकतं : जिवाणू घशात नुसता मुक्कामाला, आणि दुखणं मात्र विषाणूचं. मूल ठणठणीत असताना घेतलेला स्वॅबही पॉझिटिव्ह आला, तर उलगडा होतो. बहुतेक वाहकांना उपचार लागत नाहीत.

कॅलेंडरवरच्या तारखा दर तीन-चार आठवड्यांनी घड्याळ लावल्यासारख्या येत असतील, तर प्रकरण वेगळं. पाच वर्षांच्या आत सुरू होणारा, चार-पाच दिवसांचा जोरदार ताप, लाल घसा, मानेत गाठी, कधी तोंड आलेलं. कल्चर निगेटिव्ह, अँटिबायोटिकने फरक नाही, मधल्या दिवसांत मूल एकदम टुणटुणीत. याला पीफापा म्हणतात आणि तो संसर्ग नव्हेच. डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या एका डोसने ताप बहुधा काही तासांत उतरतो. मात्र त्याआधी पांढऱ्या पेशींची मोजणी हवी. ठरावीक दिवसांनी न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घटण्याचा दुर्मीळ आजारही असाच दिसतो, आणि तो पकडायला सहा आठवडे आठवड्यातून दोनदा रक्त तपासावं लागतं.

वजन वाढत नाही, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, कान सारखा फुटतो, अशा वेळी इम्युनोग्लोब्युलिनची (रक्तातल्या प्रतिपिंडांची) पातळी आणि एचआयव्ही तपासावी. चेहरा पांढुरका पडलाय, अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत, हाडं दुखतात, तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं).

आणि तपासणीची वाट न पाहता सरळ रुग्णालय गाठायचं ते केव्हा? लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वास घेताना आवाज येतो, मान ताठ झाली. घशात चिकटलेला करडा पापुद्रा आणि सुजलेली मान ही घटसर्पाची खूण. लसीचे डोस, विशेषतः पाच-सहा वर्षांचा बूस्टर, राहून गेलेल्या मुलांत तो आजही आढळतो. घसा बरा झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत लघवी काळ्या चहासारखी झाली, चेहरा सुजला किंवा सांधे दुखू लागले, तरीही दाखवायला हवं.

टॉन्सिल काढायचे का, याचा निकष ठरलेला आहे : घसा एका वर्षात सात वेळा धरला, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी तीन. तेही प्रत्येक वेळी 101 अंशांवर ताप, मानेत गाठी, टॉन्सिलवर पू किंवा पॉझिटिव्ह स्वॅब यांपैकी काहीतरी नोंदलेलं असेल तरच. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे शस्त्रक्रियेचं वेगळं कारण आहे, त्याला ही मोजणी लागू नाही. शस्त्रक्रियेनंतर जखमेवर पांढरट थर चढतो, तो पू नव्हे. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते तेव्हा रक्त येऊ शकतं, आणि ते चमचाभर असलं तरी रात्री-अपरात्रीही रुग्णालयातच न्यायचं.