सुरुंग कोणी पेरले?

श्रोतेहो, नमस्कार.

२३ डिसेंबर २०१५ची दुपार. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीचा नियंत्रण कक्ष. तिथल्या कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप सरकू लागला. एका उपकेंद्राच्या स्विचवर गेला, तो बंद केला आणि पुढच्याकडे वळला. कर्मचाऱ्याने माउस हलवून पाहिला, पण बाण दाद देईना. मग त्यालाच यंत्रणेतून बाहेर काढलं गेलं. पुन्हा आत शिरायला जातो, तर पासवर्ड बदललेला! या सायबर हल्ल्यामुळे त्या दिवशी सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. अखेर माणसं उपकेंद्रांवर पाठवून, हाताने स्विच टाकून वीज परत आणावी लागली.

त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक ठराव मंजूर केला. देशांनी सायबर जगात कसं वागावं, याचे संकेत सरकारी तज्ज्ञांच्या एका गटाने त्याच वर्षीच्या अहवालात मांडले होते; ते सर्व देशांनी मार्गदर्शक मानावेत, असं त्यात म्हटलं होतं. त्यातला एक संकेत असा, की कोणत्याही देशाने दुसऱ्याच्या अत्यावश्यक सेवा सायबर मार्गाने बंद पाडू नयेत. हा योगायोग मला अजूनही अस्वस्थ करतो.

सायबर जगात कायदाच नाही, असं आपण नेहमी ऐकतो. ते खरं नाही. संयुक्त राष्ट्रांची सनद इथेही लागू होते, हे २०१३ साली अमेरिका, रशिया, चीन आणि भारत यांच्या तज्ज्ञांनी एकमताने लिहून दिलं आहे. दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरू नये, त्याच्या अंतर्गत कारभारात जबरदस्तीने ढवळाढवळ करू नये, युद्धातही रुग्णालयांना हात लावू नये, हे सगळं संगणकातून केलं तरी निषिद्धच. धरणाचे दरवाजे बॉम्बने फुटले काय किंवा कळ दाबून उघडले काय, खाली गाव बुडणारच. म्हणून बहुतेक देश आता साधनापेक्षा परिणाम पाहतात.

मग अडतं कुठे? अडतं ते हल्ला कोणी केला, या प्रश्नावर. हल्लेखोर एका देशात बसतो, दुसऱ्या देशातला सर्व्हर वापरतो आणि तिसऱ्याचं नाव पुढे करतो. तो सरकारच्या हुकमाने वागत होता हे सिद्ध करणं फार अवघड असतं.

इथे मला एक जुना खटला आठवतो. ऑक्टोबर १९४६मध्ये अल्बानियाच्या किनाऱ्यालगत, कॉर्फूच्या सामुद्रधुनीत, दोन ब्रिटिश विनाशिकांना सुरुंग लागले आणि ४४ खलाशी गेले. सुरुंग कोणी पेरले हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. तरीही १९४९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अल्बानियाला जबाबदार धरलं. तुमच्या दारात सुरुंग पेरले जात होते, ते तुम्हाला कळल्यावाचून राहिलं नसणार, आणि तरी तुम्ही जहाजांना सावध केलं नाही, असा तो निर्णय. आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याच्या हक्कांविरुद्ध जाणूनबुजून होऊ देऊ नये, हे प्रत्येक देशाचं कर्तव्य ठरलं.

आपली भूमी या शब्दांत आपल्या हद्दीतले सर्व्हरही येतात, हे माझं ठाम मत आहे. फ्रान्स आणि नेदरलँड्स तसंच मानतात. ब्रिटन आणि अमेरिका मात्र सायबर क्षेत्रात हे कर्तव्य अजून बंधनकारक झालेलं नाही, अशी भूमिका घेतात. ज्या ब्रिटनने तो खटला जिंकला, त्यानेच असं म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. गरीब देशांवर याचा बोजा पडेल, ही शंका रास्त आहे. पण प्रत्येक संगणकावर पहारा ठेवा, असं कोणी म्हणत नाही. कळलं असेल आणि थांबवणं आवाक्यात असेल, तर थांबवा. मागणी एवढीच आहे.

त्याच निकालाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. स्फोटांनंतर ब्रिटिश आरमाराने परवानगी न घेता अल्बानियाच्या पाण्यात शिरून सुरुंग उपसले होते. पुरावा गोळा करायला गेलो, ही सबब न्यायालयाने मानली नाही. तो अल्बानियाच्या सार्वभौमत्वाचा भंग ठरला. हल्लेखोराच्या सर्व्हरमध्ये परस्पर घुसून बदला घ्यावा, असं म्हणणाऱ्यांनी निकालाचा हा भाग जरूर वाचावा.

आणि तोच अल्बानिया जुलै २०२२मध्ये स्वतः सायबर हल्ल्याचा बळी झाला. सरकारी सेवांची संकेतस्थळं बंद करावी लागली. सप्टेंबरमध्ये त्याने इराणला जबाबदार धरून राजनैतिक संबंध तोडले आणि इराणी मुत्सद्द्यांना २४ तासांत देश सोडायला सांगितलं. इराणने आरोप फेटाळला. हे प्रकरण काही हेगपर्यंत पोहोचलं नाही.

२०१५च्या त्या अहवालात कॉर्फूचं हे तत्त्वही आलं आहे. देशांनी आपली भूमी अशा कृत्यांसाठी जाणूनबुजून वापरू देऊ नये, असं ते वाक्य आहे. पण ते ऐच्छिक संकेतांच्या यादीत. हेगच्या न्यायालयाने १९४९ साली ज्याला कर्तव्य म्हटलं, ते तिथे अपेक्षा बनून राहिलं आहे.

नमस्कार.